खाल्ल्या घरचे वासे

खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत, असं आम्हांला लहानपणीच बजावलेलं होतं. हा नियम पाळणं मला कधी जड गेलं नाही, कारण ज्या ज्या घरी मी आजवर खाल्लं त्यांतल्या बहुतेक घरांना वासेच नव्हते. स्लॅब होता. स्लॅबात मोजण्यासारखं काही नसतं. फार तर ओल कुठवर आलीय ते बघता येतं, तेही यजमान आत चहाचं सांगायला गेले असतील तर. पुढे घरोघर फॉल्स सीलिंग आलं आणि तो स्लॅबही दिसेनासा झाला. त्यामुळे कृतघ्नपणा करावा असं मनात आलं, तरी साहित्याअभावी तो राहून जाई.

गेल्या वैशाखात माझ्या थोरल्या मेहुण्यांनी मुळशीला घर बांधलं आणि माझ्या इतक्या वर्षांच्या संयमाची कसोटी लागली. त्या घरात वाशांखेरीज बघण्यासारखं दुसरं काही ठेवलेलंच नाही.

आमचे हे मेहुणे म्हणजे सगळ्यांचे दादा. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी कोथरूडचा फ्लॅट विकला आणि वहिनी, मुलगा, सून, नातू आणि सत्त्याऐंशी वर्षांच्या माझ्या सासूबाई असं सगळं बिऱ्हाड मुळशीला हलवायचं ठरवलं. मुलगा हिंजवडीला नोकरीला. हिंजवडीसुद्धा मुळशी तालुक्यातच येते. त्यामुळे "तालुक्यातल्या तालुक्यात तर जायचं" असं दादा म्हणत. मुलगा रोज सकाळी दीड तास हा तालुका बघतो.

चांदणी चौक सोडला की भूगाव, पिरंगुट, पौड असा तो रस्ता. पूर्वी या अंगाला भाताची खाचरं होती आणि आंबेमोहोराच्या दिवसांत गाडीची काच खाली केली की पोटात भूक पडायची. आता खाचरांतून प्लॉटच्या पाट्या उगवतात. पौडच्या पुढे जी पाटी दिसेल तिच्यावर 'लेक व्ह्यू' असं असतंच. लेक म्हणजे मुळशी धरणाचं पाणी. त्या पाण्याविषयी पुढे बोलायचं आहे, म्हणून आत्ता नुसतंच बघून ठेवू.

वास्तुशांतीला आम्ही पोचलो तेव्हा साठ-सत्तर माणसं जमली होती आणि सगळ्यांची तोंडं आभाळाकडे. विमान-बिमान चाललंय की काय म्हणून मीही वर बघितलं. विमान नव्हतं. छत नव्हतं. म्हणजे छप्पर होतं, छत नव्हतं. दिवाणखान्यातून थेट बावीस फुटांवर घराचं आढं दिसत होतं आणि तिथून दोन्ही अंगांना काळेभोर जाड वासे उतरत होते. खाली तशाच काळ्या आडव्या तुळया. एखाद्या देवमाशाच्या पोटात शिरून वर बघितलं तर असंच दिसत असावं.

"कसं वाटलं?" दादांनी विचारलं.

"भव्य," मी म्हणालो. जावयाने एवढंच म्हणायचं असतं.

तेवढ्यात दादांनी त्यांच्या आर्किटेक्टची ओळख करून दिली. तिशीतला तरतरीत मुलगा. पायांत कोल्हापुरी, अंगात खादी, बोलण्यात इंग्रजी. पण मनाने चांगला. माझे पांढरे केस बघून तो मराठीवर आला.

"काका, छत म्हणजे खोटेपणा. आपण घराचा सांगाडाच झाकून टाकतो. मला घराला बोलू द्यायचं होतं."

"घर बोलतं?"

"आज मुक्काम आहे ना? रात्री कळेल."

त्याने मग फोनमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलचं चित्र दाखवलं. तिथलं उघडं लाकडी छप्पर चौदाव्या शतकाच्या अखेरीस घातलेलं. दालनाची रुंदी ६८ फूट आणि मध्ये एकही खांब नाही. सहाशे वर्षांवर तो सगळा भार ते ओकचं लाकूड वर तोलून धरतंय. "हे माझं इन्स्पिरेशन," तो म्हणाला. मी चित्र बघितलं, वर बघितलं आणि खोटं कशाला बोला, थोडा भारावलो.

पण भारावलेला माणूस दर वेळी परीक्षक म्हणून बरा नसतो, हे मला जेवणाच्या पंक्तीत कळलं.

आमच्या वहिनींना वास्तुशास्त्राचा थोडा नाद आहे. तुळईखाली झोपू नये, अंगावर भार येतो, असं त्या शास्त्रात म्हणतात. फ्लॅटमधल्या बिमा झाकायला लोक फॉल्स सीलिंग करतात, त्यांतल्या निम्म्यांचं कारण हेच. इथे तर घरातली एकूण एक खाट तुळईखाली. म्हणून मी जिलबी घेता घेता सहज विचारलं, "वहिनी, तुमच्या त्या गुरुजींनी हे कसं चालवून घेतलं?"

"अहो, ते आले होते की! शिडीवर चढून त्यांनी स्वतः टकटक करून बघितलं. म्हणाले, दोष नाही. पोकळ आहेत."

माझा घास तोंडातच राहिला. पोकळ! वर चढून वाजवून बघायला मी गेलो नाही, पण चौकशी केली. खरं छप्पर लोखंडी सांगाड्यावर उभं आहे. त्याच्यावर तयार पॅनेल. जे वासे आणि ज्या तुळया आम्ही माना मोडेतो बघत होतो ती सगळी प्लायवुडची खोकी, वरून व्हिनियर चिकटवलेलं. त्यावर जो काळा रंग आहे त्याला 'स्मोक्ड फिनिश' म्हणतात. म्हणजे धुरकटलेला. चूल नाही, धूर नाही, धुरकट मात्र आहे.

'बडा घर पोकळ वासा' ही म्हण मी शाळेत असताना वाक्यात उपयोग करून दाखवली होती. ती घरात उपयोग करून दाखवणारे दादा पहिलेच.

आता थोडी टीका करतो. नातेवाइकांच्या घरावर टीका करू नये हे मला मान्य आहे, पण मी घरावर करत नाही, फॅशनवर करतो. आणि फॅशन कुणाची नातेवाईक नसते.

उघडं छत ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. उलट झाकलेलं छत हीच कमाई होती. माझं बालपण नारायण पेठेतल्या एका वाड्यात गेलं. आमच्या डोक्यावर कडीपाट होता. म्हणजे ओळीने लाकडी कड्या, त्यांवर फळ्या, फळ्यांवर माती आणि मातीवर वरचं बिऱ्हाड. वरच्या बिऱ्हाडातली मुलं लंगडी खेळू लागली की आमच्या आमटीत माती पडे. मालकांच्या दिवाणखान्यात मात्र तक्तपोशी होती. कड्यांच्या खालून सलग फळ्या मारून केलेलं गुळगुळीत लाकडी छत. तिथे आमटीत काही पडत नसे. कोकणातल्या नाहीतर मावळातल्या कौलारू घरात गेलात तर पुन्हा तेच. घर गरीब तर आढ्यापर्यंत सगळं उघडं. चार पैसे आले की माणूस आधी डोक्यावर झाकून घेई, निदान माळा तरी करी. यात खोटेपणा कसला? आपल्याला सगळ्यांनाच सांगाडा असतो. मलाही आहे आणि अलीकडे तो गुडघ्यांतून बोलतोही. म्हणून काही मी लग्नाकार्याला कातडी उतरवून जात नाही.

थोडक्यात, ज्यांना छत परवडत नव्हतं त्यांचं उघडं होतं. आता ज्यांना काहीही परवडतं त्यांचं उघडं आहे. मधल्या मधे आम्ही पीओपीचे हप्ते फेडतोय.

उघडं ठेवण्यातही एक प्रामाणिकपणा असू शकतो, नाही असं नाही. लॉरी बेकर (१९१७–२००७) हे जन्माने इंग्रज, पण केरळात राहून त्यांनी आयुष्यभर स्वस्त घरं बांधली. भिंतींना गिलावा केला नाही, कारण तेवढा पैसा वाचतो. स्लॅबमध्ये जुनी मंगळुरी कौलं पेरली, कारण तेवढं काँक्रीट वाचतं. खालून बघितलं तर ती कौलं दिसत राहतात आणि छानही दिसतात. पण छान दिसावं म्हणून ती घातलेली नाहीत. वेस्टमिन्स्टर हॉलचं तेच. ते लाकूड भार वाहतं म्हणून बघावंसं वाटतं. दादांच्या घरात सांगाडा झाकायला प्लाय लागलं, ते झाकण उघडं दिसावं म्हणून आणखी खर्च आला आणि हे सगळं मिळून झाकलेल्या छतापेक्षा महाग पडलं. खोटेपणा नको म्हणून एवढा खर्च करून खोटं करणं फक्त आपल्यालाच जमतं.

मला स्वतःला खऱ्या तुळईची एकच परीक्षा ठाऊक आहे. तिला झोपाळा टांगता येतो का? दादांना झोपाळ्याचा फार शौक. त्यांच्या दिवाणखान्यात झोपाळा आहे. तो बारा तुळयांच्या खाली, लोखंडी स्टँडवर उभा आहे.

त्या रात्री घर बोललं.

त्याचं असं झालं, की छत नाही म्हटल्यावर खोल्यांच्या भिंतींनी तरी जायचं कुठवर? त्या आठ फुटांवर थांबल्या. वर सगळ्या खोल्यांचं एकच आढं. पूर्वीच्या घरांतही भिंती अशाच अर्ध्यावर थांबत, पण त्या मातीच्या असत, जमीन शेणाने सारवलेली, वर कौलं. आवाज थोडाफार जिरायचा. इथे खाली चकचकीत फरशी, बाजूला काच, वर पॅनेल. आवाजाला जिरायला जागाच नाही. तो बिचारा या भिंतीवरून त्या भिंतीवर हिंडत राहतो.

आमची सोय माळ्यावर केली होती. त्याला हल्ली मेझनिन म्हणतात. गरम हवा वर जाते हे शास्त्रात शिकलो होतो, ते त्या रात्री अंगावर घेतलं. कौलांच्या फटींतून ती हवा बाहेर पडायची. इथे पॅनेलला फट नाही, म्हणून दिवसभराची सगळी गरम हवा आमच्याबरोबर मुक्कामाला होती. पंखा होता. पण तो बावीस फुटांवरच्या आढ्यातून आठ फुटी नळीला लोंबत होता आणि आमच्याकडे पाठ करून खालच्या सोफ्यांना वारा घालत होता.

डोळ्यांसमोर एका तुळईवर पाल होती. पाल अंगावर कुठे पडली तर काय फळ मिळतं याचं कोष्टक पंचांगात असतं. पण किती उंचीवरून पडली तर किती, हे त्यात दिलेलं नसतं. मी चादर डोक्यावरून घेतली. जळमटंही दिसत होती. त्यांच्यापर्यंत घरातला कुठलाच झाडू पोचत नाही. वहिनी म्हणाल्या, वर्षातून दोनदा पहाड बांधून माणूस वर चढवायला लागेल. घर बांधताना पहाड बांधतात हे ऐकलं होतं, केर काढताना बांधतात हे नवीन.

अकरा वाजता दादा घोरू लागले. त्याआधी पंधरा मिनिटं ते वहिनींशी बोलत होते. हलक्या आवाजात, म्हणजे आम्हांला स्पष्ट ऐकू येईल असं. आधी आहेराचा विषय निघाला. आम्ही दिलेल्या घंगाळाबद्दल वहिनींनी जे मत दिलं त्यावर आमच्या सौ.ने अंधारात माझ्या दंडाला चिमटा काढला. घंगाळ मी निवडलं होतं. मग दादा म्हणाले,

"सोमवारी सुतार येतोय. मागचं ते आढं कापायला. दोन बाकं होतील म्हणाला. एक पोर्चमध्ये, चपला काढायला. आईला एवढ्यात सांगू नकोस."

"कळेलच की त्यांना."

"झाल्यावर कळू दे."

घरात एकदम शांतता झाली. खालच्या कोपऱ्यातल्या खोलीत सासूबाई खोकल्या. एकदाच. मग दादा घोरू लागले, पण ते खरं घोरणं होतं की प्लायचं, हे मला कळलं नाही.

आता त्या पाण्याविषयी.

मुळशीचं धरण मुळा नदीवर गेल्या शतकाच्या विशीत बांधलं गेलं. पाणी घाटाखाली भिऱ्याला सोडायचं, वीज करायची आणि ती मुंबईला न्यायची, अशी ती योजना. खोऱ्यातली पन्नासेक गावं त्यासाठी उठायची होती. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या कामावर सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट या लढ्याचे पुढारी, 'सेनापती' हे बिरूद त्यांना याच लढ्याने दिलं. लढा तीनेक वर्षं चालला. माणसं तुरुंगात गेली आणि धरण झालं.

सासूबाईंचं आजोळ-पणजोळ काय असेल ते असो, माहेर त्या खोऱ्यातलं. त्या स्वतः पुष्कळ नंतर जन्मल्या. पाणी आलं तेव्हा त्यांचे वडील दहा वर्षांचे होते. आजोबांनी घर उतरवलं. जमीन नेता येत नाही, मातीच्या भिंती नेता येत नाहीत. छप्पर नेता येतं. कौलं, वासे आणि आढं बैलगाड्यांत घालून त्यांनी पौडच्या अंगाला नवी जागा धरली आणि तेच आढं चढवून घर उभं केलं. सासूबाई त्या घरात वाढल्या. ते घर दहा वर्षांपूर्वी पडलं. भावकीने जागा विकली आणि आढ्याचं लाकूड दादांनी आणून ठेवलं. नवीन घरात वापरू, असं त्या वेळी ते म्हणाले होते. वापरणार होतेच. चपला काढायला.

हे सगळं मला सौ.ने पूर्वी सांगितलेलं होतं, पण लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या माणसासारखं मी ते ऐकलं होतं.

सकाळी चहा घेऊन मागच्या दारी गेलो तर सासूबाई तिथे. ताडपत्री बाजूला केलेली आणि त्या आढ्यावर बसलेल्या. अठरा फुटांचा सागाचा सोट. पुढच्या दिवाणखान्यातल्या तुळयांइतकाच काळा, पण हा काळा नखाने निघत नव्हता. चुलीचा धूर. खाली चूल पेटायची तेव्हा धूर आढ्यातून बाहेर पडायचा आणि त्या धुरामुळे लाकडाला कीड लागायची नाही. त्याचं फिनिश व्हायला साठ-सत्तर वर्षं लागली होती.

सासूबाई बोटाने काहीतरी चाचपत होत्या.

"काय करताय?"

"वासे मोजतेय, जावईबापू."

मला आधी कळलं नाही. मग दिसलं. आढ्याला ओळीने खाचा होत्या. प्रत्येक खाचेत एकेक वासा बसायचा.

"तेरा या अंगाला, तेरा त्या अंगाला. लहानपणी ताप आला की मी उताणी पडून मोजत असे. तेव्हा कधी बारा व्हायचे, कधी चौदा. आज बरोबर तेरा आले." मग जरा थांबून त्या हसल्या. "खाल्ल्या घरचेच मोजले ना?"

मी चहाकडे बघत राहिलो.

"ही कडी बघा. घर बुटकं होतं, आढ्यालाच पाळणा टांगायचे. आम्ही पाच भावंडं या कडीला झोपलो." लोखंडी कडी अजून घट्ट होती. "इथे शिंकं. इथे बियाण्याच्या भाताच्या पेंढ्या, उंदरांना पोचू नये म्हणून. आणि इथे गळायचं."

"कापणार आहेत, ते ऐकलंत?"

"ऐकलं. या घरात ऐकू येतं सगळं." एवढंच म्हणाल्या. मुलाविषयी एक अक्षर बोलल्या नाहीत. ती पिढी वाशांवर झाकण घालायची नाही, पण मनावर घालायची.

समीक्षकाने लिहावं, मध्ये पडू नये, असा एक संकेत आहे. शिवाय मी जावई. सासुरवाडीत जावयाने मत देऊ नये, हा तर त्याहून जुना संकेत. मी दोन्ही मोडले. दादांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, "दादा, तुमच्या घरात बारा तुळया भार वाहतोय असं दाखवतात आणि वाहत नाहीत. ज्या एका लाकडाने नव्वद वर्षं खरंच वाहिला, त्यावर तुम्ही बूट ठेवणार."

दादा एकदम चिडले. "मग काय करू? छप्पर पुरं झालंय माझं! फोडू? आणि त्याला कुठे टांगू, शोभेला?"

"टांगू नका. घाला. मागे धुण्याच्या जागेवर पत्रा टाकणार आहात ना? तिथे."

"आर्किटेक्ट नाही म्हणेल."

"पत्र्याला हो म्हणाला होता ना?"

दादा काही बोलले नाहीत. दुपारपर्यंत माझ्याशीच बोलले नाहीत. आम्ही निघालो तेव्हा वहिनींनी सौ.ची ओटी भरली, पण नारळ जरा जोरात ठेवला. गाडीत सौ. म्हणाली, "गप्प बसायला काय घेता?" आणि थोड्या वेळाने, चांदणी चौक आल्यावर, "बरं झालं बोललात." त्यानंतर महिनाभर मुळशीहून फोन नाही.

मग जूनमध्ये आला. सुतार सोमवारी आला होता. गावातलाच, साठीचा माणूस. त्याने करवत बाहेर काढली, आढं बघितलं, बोटाने ठोकलं आणि विचारलं, "साहेब, हे कापायचं? हे चढवायचं लाकूड आहे." आमच्या सबंध टीकेपेक्षा हे एक वाक्य उपयोगी पडलं. मराठीत समीक्षा वाढत नाही म्हणतात, त्याचं कारण ती सुतारांकडून लिहून घेत नाहीत हे असावं.

जुलैत आम्ही पुन्हा गेलो. मुळशीचा पाऊस म्हणजे पुण्याच्या माणसाला पटण्यासारखा नसतो. २५ जुलै २०२४ ला ताम्हिणीत चोवीस तासांत साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पडला होता. पुण्यात वर्षभरात सातशेच्या आसपास पडतो. आम्ही गेलो त्या दिवशी तेवढा नव्हता, पण दिवाणखान्यात शिरलो तर दादा समोर उभे राहून ओठ हलवत होते. पॅनेलच्या छपरावर पाऊस असा वाजत होता की 'या, बसा' हेसुद्धा खुणेने सांगावं लागलं. घराला बोलू दिलं की माणसांना गप्प बसायला लागतं. त्यांनी मागे बोट दाखवलं. सगळं घर मागच्या दारी होतं.

मागे अठरा बाय दहाची दुपाखी पडवी उभी राहिली होती. दोन मेढी, त्यांवर ते आढं, तेरा तेरा वासे, वर कुठूनतरी उतरवून आणलेली जुनी मंगळुरी कौलं. आता हे मंगळुरी कौलही काही आपल्या पूर्वजांचं नव्हे. १८६५ च्या सुमारास बासेल मिशनच्या जर्मन मिशनऱ्यांनी मंगळुरात कारखाना काढला, तिथून ते पसरलं. सासूबाईंच्या घरावर आधी हाताने थापलेली नळीची कौलं होती. तेव्हा अस्सलपणाचा फार आग्रह मी धरत नाही. पाऊस बाहेर ठेवतं ते कौल.

आर्किटेक्ट येऊन गेला होता म्हणे. पत्र्याऐवजी कौलं बघून आधी नाराज झाला, मग टेप काढून त्याने एकेक खाच मोजून घेतली. सुताराला विचारलं, खिळ्याशिवाय हे बसतं कसं? दोन तास तिथेच बसला होता. मला वाटतं, तो पोरगा चांगली घरं बांधील.

कडीला दोर बांधून पाळण्याएवढाच एक झोपाळा केला होता. नातू त्यात कसाबसा मावत होता. दिवाणखान्यातला स्टँडचा झोपाळा रिकामा होता. दादा खुर्चीवर बसून वर बघत होते. सासूबाई शेजारी. वहिनींनी गरम कांदाभजी आणून ठेवली.

कोपऱ्यात टप् टप् आवाज येत होता. एका ठिकाणी गळत होतं. खाली घंगाळ ठेवलं होतं. आमचंच.

"दादा, गळतंय," मी म्हटलं.

"सुतार दोनदा वर चढून आला. कौलं सरकवून झाली."

"तिथे गळणारच," सासूबाई म्हणाल्या. आवाजात कुठेतरी समाधान होतं. "तिथे पहिल्यापासून गळतं."

मी मान वर केली. एक, दोन, तीन करत या अंगाचे तेरा भरले. बरोबर होते. त्या अंगाचे मोजायला घेतले आणि मग लक्षात आलं, हातात त्यांचीच भजी होती.